खापरपणजी कैदी म्हणून टास्मानियात आली असेल, तर तिचा माग कसा काढायचा?

मेलबर्नहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचं लग्न तिथल्याच एका घरात झालंय. सासूबाईंची खापरपणजी १८४० च्या दशकात आयर्लंडहून ‘घरकामाच्या नोकरीसाठी’ आली, असं घरात सांगत आलेत. नात्यातल्या एका वयस्कर बाईंचं म्हणणं मात्र वेगळं: तिला शिक्षा होऊन व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, धाडलं होतं. ताईंच्या हाती तिचं माहेरचं नाव आहे, तिच्या मुलीचं नाव आहे आणि ती म्हातारपणी व्हिक्टोरियात जिलाँगच्या बाजूला वारली एवढी माहिती आहे. कैद्यांच्या सूचीत नाव घातलं तर त्याच नावाच्या पुष्कळ बायका निघाल्या आणि गाडी तिथेच अडली. यातली आपली कोण हे ठरवायचं कसं, घरातल्या काहींना हे उकरून काढणंच पसंत नाही त्यांना काय सांगायचं, आणि मुंबई इलाख्यातून अंदमानला गेलेल्या बायकांचा माग असाच लागतो का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, आधी ती सूची बंद करा. कैद्यांच्या यादीत नावाने शिरणं हे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं आणि बहुतेकांचा शोध तिथेच भरकटतो. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत १,६०,००० हून अधिक कैदी आले. त्यांत बायका सुमारे २५,०००, आणि त्यांतल्या साधारण निम्म्या एकट्या व्हॅन डिमेन्स लँडला. आयरिश मुलींची नावं तेव्हा मोजकीच असायची: मेरी, ब्रिजेट, कॅथरिन, मार्गारेट, अ‍ॅन. त्यात ब्रिजेटची बिडी व्हायची, मार्गारेटची पेगी, मेरीची मॉली किंवा पॉली, अ‍ॅनची नॅन्सी. आडनावाच्या आधीचा ‘ओ’ कारकुनाच्या मर्जीनुसार यायचा नि जायचा. वयाचा तीन-चार वर्षांचा फरक तर गृहीतच धरायचा. अशा ढिगातून जी बाई आपल्या गोष्टीला शोभते तीच आपली, असं मन आपोआप ठरवून टाकतं, आणि मग पुढचं सगळं झाड परक्या घराचं उभं राहतं. अशी झाडं मी बरीच पाहिली आहेत. ती पाडताना घरच्यांना होणारा त्रास शोध लागला नसता तर झाला असता त्याहून मोठा असतो.

त्यातून खटला एका नावाने आणि संसार दुसऱ्या नावाने असंही घडायचं. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर जिचं चित्र आहे ती मेरी रीबी घ्या. लहानपणी घरातून पळून मुलाच्या वेशात फिरत होती. १७९१ साली इंग्लंडमध्ये घोडाचोरीसाठी तिच्यावर खटला चालला तो ‘जेम्स बरो’ या नावाने. १७९२ मध्ये ती ‘रॉयल अ‍ॅडमिरल’ जहाजातून सिडनीला उतरली आणि पुढे तिथली मोठी व्यापारी झाली. लग्नानंतरच्या नावाने तिचा खटला शोधला असता तर काय हाती लागलं असतं?

माझं सांगणं एवढंच आहे, की कैदी बाईचा माग तिच्या नावाने क्वचित लागतो. तो लागतो तिच्या आसपासच्यांमुळे: नवरा, मुलं, जिच्या घरी कामाला होती ती मालकीण, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जहाज. आपल्या कुलवृत्तांतात पुरुषांच्या आठ-आठ पिढ्या असतात आणि बाई ‘अमक्यांची कन्या’ म्हणून एका ओळीत येते, तेही सासरच्या नावाने. तसल्या ग्रंथातून आजीचं माहेर ज्यांनी शोधलंय त्यांना इथली वाट ओळखीची वाटेल.

सुरुवात तिच्या मरणापासून करा. ती व्हिक्टोरियात वारली हे तुमचं नशीब समजा. व्हिक्टोरियात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ पासून सुरू झाली आणि तिथला दाखला त्या काळाच्या मानाने फार भरगच्च. मृत्यूच्या दाखल्यात आईबापांची नावं, जन्मगाव, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कोणाशी झालं, हयात आणि मृत मुलांची नावं-वयं, आणि कोणत्या वसाहतीत किती वर्षं राहिली, एवढं विचारलेलं असतं. टास्मानियात नोंदणी १८३८ च्या डिसेंबरातच सुरू झाली, ऑस्ट्रेलियात सगळ्यांत आधी, पण दाखला अगदी रोडका: मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं नाहीत, लग्नाच्या नोंदीतही नाहीत. म्हणून व्हिक्टोरियाचा कागद पैसे भरून मागवा. ऑनलाइन मिळतो.

तो वाचताना खाली माहिती देणाऱ्याचं नाव आधी बघा. मुलीने दिलेली माहिती आणि अंत्यविधी करणाऱ्याने दिलेली माहिती यांत फार अंतर असतं. ‘वसाहतीत किती वर्षं’ या रकान्यावर विसंबू नका. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि टास्मानियातले सुटलेले कैदी बास सामुद्रधुनी ओलांडून लोटले. त्यांना अडवायला व्हिक्टोरियाने १८५२ मध्ये कायदाच केला. सशर्त माफी मिळालेल्या माणसालाही तिथे पकडलं जाण्याची धास्ती होती. अशा वेळी आपण थेट आयर्लंडहून मेलबर्नला उतरलो असं सांगणं हा जीव वाचवण्याचा मार्ग होता. तुमच्या घरातली ‘नोकरीसाठी आली’ ही गोष्ट बहुधा तिथेच जन्मली असावी. मुलांना तेच सांगितलं गेलं आणि मुलांनी दाखल्यावर तेच लिहवलं.

दुसरा कागद लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. तुमच्या सासूबाईंच्या पणजीचा जन्म टास्मानियात झाला असेल, पण तिची धाकटी भावंडं १८५३ नंतर व्हिक्टोरियात जन्मलेली असू शकतात. व्हिक्टोरियाच्या जन्मदाखल्यात आईबापांचं लग्न कधी आणि कुठे झालं ते लिहिलेलं असतं, त्यांचं वय आणि जन्मस्थानही. शेंडेफळाचा दाखला मागवा. त्यावर टास्मानियातलं ‘लॉन्सेस्टन’ किंवा ‘होबार्ट’ आणि एखादं साल दिसलं की अर्धं काम झालं. सख्ख्या पूर्वजाच्या कागदावर जे नसतं ते त्याच्या भावंडाच्या कागदावर सापडतं, हा अनुभव मला इतक्यांदा आलाय की आता मी भावंडांपासूनच सुरुवात करते.

लग्नाचं साल कळलं की टास्मानियाच्या राज्य ग्रंथालय आणि अभिलेखागाराची नावांची सूची उघडा. ती फुकट आहे आणि मूळ पानांची छायाचित्रं घरबसल्या दिसतात. इथे ती बाई नव्हे, ते जोडपं शोधायचं. कैद्याला लग्न करायचं तर गव्हर्नरची परवानगी लागायची. या अर्जांच्या वह्या शिल्लक आहेत (कॉन ५२ हा त्यांतला मुख्य संच; ‘कॉन’ आणि आकडा म्हणजे अभिलेखागारातल्या कैद्यांच्या दप्तराचा संचक्रमांक) आणि त्यांत वराचं नाव, वधूचं नाव आणि दोघांच्याही नावापुढे ते ज्या जहाजाने आले त्याचं नाव असतं. नवरा कैदी नसेल तर तिथे ‘मुक्त’ असं लिहिलेलं असतं. तुम्हाला हवं ते जहाज इथे मिळतं. एका नावाच्या बायका पुष्कळ असतील, पण त्या नवऱ्याशी, त्या साली, त्या गावात लग्न केलेली एकच. एकाच जहाजावर त्याच नावाच्या दोघी असल्या तर कारकुनांनी त्यांना पहिली-दुसरी असं म्हटलेलं आढळतं. पोलीस क्रमांकही वेगळा असतो. तो क्रमांक एकदा मिळाला की वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

‘अविवाहित’ किंवा ‘विधवा’ हे शब्द जपून घ्या. मायदेशी नवरा आहे असं बाईने उतरताना सांगितलं, तर पुढे लग्नाची परवानगी अडायची. हे जहाजावरच एकमेकींकडून कळायचं. त्यामुळे मागे राहिलेले नवरे कागदावर भराभर मेले. तुमची खापरपणजी तशी निघाली तर घाबरून जाऊ नका. समुद्रापलीकडचा नवरा परत दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती, आणि इथे लग्न म्हणजे सरकारी नोकरपणातून सुटून स्वतःच्या चुलीपाशी येणं होतं.

आता खरा खजिना, म्हणजे वर्तणूक नोंदवही. अधिकारी प्रत्येक कैद्यासाठी एक नोंद उघडायचे आणि शिक्षा संपेपर्यंत भरत जायचे. १८४३ पर्यंत आलेल्या बायकांचा संच कॉन ४०, १८४४ पासून १८५३ पर्यंत आलेल्यांचा कॉन ४१. तुमची बाई बहुधा दुसऱ्यात असेल. पान उघडल्यावर आधी काहीच वाचता येणार नाही. अक्षर दाट, शब्द तोडलेले, ओळीवर ओळ. घाई करू नका. वरच्या भागात खटल्याचं ठिकाण, तारीख, शिक्षा, जहाज आणि उतरल्याची तारीख. मग गुन्हा. त्याच्या शेजारी ‘कैद्याचं स्वतःचं म्हणणं’ असतं, ते शब्दन् शब्द उतरवून घ्या. होबार्टला उतरल्यावर कारकुनाने विचारलं आणि तिने उत्तर दिलं, ते हे. कोणाच्या घरातून काय उचललं, आधी कितीदा तुरुंगात गेली, मुलं किती. तिचा आवाज सरकारी कागदावर इतक्या जवळून दुसरीकडे फारसा ऐकू येत नाही. पुढे तुरुंगाचा आणि जहाजावरच्या डॉक्टरचा शेरा.

त्याखाली अपराधांची यादी सुरू होते: तारीख, ज्याच्याकडे कामाला होती त्या मालकाचं नाव, अपराध, शिक्षा आणि शेवटी दंडाधिकाऱ्याची आद्याक्षरं. बहुतेक अपराध असे: परवानगीशिवाय बाहेर राहिली, उद्धटपणे बोलली, काम करायला नकार दिला, दारू प्यायली, पळून गेली. शिक्षा म्हणजे एकांत कोठडी, भाकरी-पाण्यावर ठेवणं, कपडे धुण्याच्या कामाला जुंपणं, किंवा काही महिने ‘फॅक्टरी’, म्हणजे बायकांचा तुरुंग. या ओळी वाचताना एक ध्यानात ठेवा: तक्रार सहसा मालकाची असते, तिची बाजू क्वचितच लिहिलेली असते. मालकाच्या नावांवरून तिचा ठावठिकाणा कळतो, म्हणून प्रत्येक नाव टिपा. दीड वर्ष एकही ओळ नाही, म्हणजे बहुधा त्या घरी बरं चाललं होतं.

काही शेरे वाचून घरचे हबकतात. ‘ऑन द टाउन’ म्हणजे बाजारबसवी, असा त्या काळच्या कारकुनाचा शेरा अनेकींच्या नावापुढे आहे. वेश्याव्यवसाय हा काळ्या पाण्याच्या शिक्षेचा गुन्हा नव्हता. बहुतेकींना शिक्षा झाली ती चोरीबद्दल, आणि चोरीही कपडे, चादर, भांडी, थोडे पैसे अशी. आयर्लंडच्या दुष्काळात, १८४५ नंतर, मुद्दाम गंजी किंवा झोपडी पेटवून देणाऱ्या आणि आम्हाला पलीकडे पाठवा असं म्हणणाऱ्या बायका होत्या. उपाशी मरण्यापेक्षा जहाज बरं. तुमच्या बाईचा गुन्हा जाळपोळ निघाला तर साल बघून मगच मत बनवा.

वर्तणूक नोंदीबरोबर तिची वर्णनयादी (कॉन १९) आणि इंडेंट, म्हणजे जहाजावरून आलेल्या कैद्यांची तपशीलवार यादी (कॉन १५), हे दोन्ही काढा. वर्णनात उंची फूट-इंचात, केस, डोळे, नाक, चेहऱ्यावरचे व्रण, देवीचे वण, गोंदण असतं. त्या काळी छायाचित्र नाही, म्हणून माणूस ओळखायचा तो यावरून. पुढे कधी ती पळाली असेल तर राजपत्रातल्या जाहिरातीत हेच वर्णन पुन्हा येतं, ते पडताळून पाहा. इंडेंट मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटच्या वर्षांत आलेल्यांच्या इंडेंटमध्ये गावाबरोबरच आईबापांची आणि भावाबहिणींची नावं दिलेली असतात, आणि ती कुठे राहतात तेही. बाप जॉन, भाऊ पॅट आणि मायकेल, बहिणी ज्युडी आणि नेली, सगळे अमुक परगण्यात, अशी ओळ मिळाली की आयर्लंडकडची वाट उघडते. एकटी मेरी हजारोंत हरवते. पण हीच पाच भावंडं एका घरात असलेलं कुटुंब एखाद्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, सापडतं. कॅथलिक पॅरिशांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत. पॅरिश ठरली की १८४७ ते १८६४ मधली ग्रिफिथची जमीन-मूल्यांकन यादी बघा, घराणं मागे त्या वाडीत राहिलं होतं का ते कळेल.

खटल्याची बाजू देशागणिक वेगळी. लंडनच्या ओल्ड बेलीत खटला झाला असेल तर १६७४ ते १९१३ मधले वृत्तांत ऑनलाइन वाचायला मिळतात, साक्षीपुराव्यांसह. इंग्लंडमध्ये इतरत्र झाला असेल तर त्या परगण्याचं दप्तर आणि स्थानिक वर्तमानपत्रं. स्कॉटलंडमधल्या उच्च न्यायालयाच्या खटल्यांत साक्षीदारांचे जबाब आधीच लिहून घेत, ते एडिंबराला आहेत आणि वाचताना अख्खी गल्ली डोळ्यांपुढे उभी राहते. तुमच्या वाट्याला आयर्लंड. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्‌सला आग लागली आणि देशाच्या दप्तराचा मोठा भाग जळला. सुदैवाने १८३६ पासूनच्या काळ्या पाण्याच्या नोंदवह्या वाचल्या आहेत. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा आयर्लंडने त्यांची सूची भेट म्हणून दिली. तिच्या शिक्षेविरुद्धचा अर्ज शिल्लक आहे का ते आवर्जून बघा. असे अर्ज कित्येकदा आईने किंवा नवऱ्याने गावच्या पाद्र्याकडून लिहून घेतलेले असतात, आणि घरची परिस्थिती इतकी सविस्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही. १८४० च्या दशकात आयर्लंडभरच्या शिक्षा झालेल्या बायकांना जहाजात चढवण्याआधी डब्लिनच्या ग्रेंजगॉर्मन तुरुंगात ठेवत. त्याच्या वह्याही पाहण्यासारख्या आहेत.

शिक्षा झाली म्हणजे ती गेलीच, असं धरू नका. काही जणी स्थानिक तुरुंगातच राहून सुटल्या, काही निघण्याआधी वारल्या. निघालेली सगळी जहाजंही पोचली नाहीत. ‘अँफिट्राइट’ १८३३ मध्ये फ्रान्सच्या बूलोनच्या किनाऱ्यावर फुटलं. शंभराहून जास्त बायका आणि त्यांची मुलं बुडाली, वाचले ते तीन खलाशी. ‘नेव्हा’ कॉर्कहून निघालं आणि १८३५ मध्ये टास्मानियाच्या वायव्येला किंग बेटापाशी फुटलं, तिथेही मोजकेच लोक वाचले. म्हणून शिक्षेच्या नोंदीवर थांबू नका, उतरल्याची नोंद हवी.

प्रवासाचं वर्णन हवं असेल तर जहाजावरच्या सर्जनची रोजनिशी बघा, ती लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यांत आजारी पडलेल्यांची नावं, वय, दुखणं आणि उपचार असतात. तुमची बाई ठणठणीत असेल तर तिचं नाव नसेल, पण वादळ कधी झालं, बाळंतपणं किती झाली, हगवणीची साथ कुठे सुरू झाली हे कळेल, आणि ते तिनेही भोगलंच होतं. या बायकांच्या हातची एक गोष्ट आजही बघायला मिळते: १८४१ मध्ये ‘राजा’ नावाच्या जहाजावर कैदी बायकांनी वाटेत तुकडे जोडून शिवलेली मोठी गोधडी. कापड, सुया, दोरा तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्रायच्या महिला समितीने दिला होता. ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवली आहे. नाजूक झाल्यामुळे क्वचितच बाहेर काढतात. कधी मांडली तर सासूबाईंना घेऊन जरूर जा.

१८४४ ते १८४९ च्या दरम्यान ती उतरली असेल, तर होबार्टला डरवेंट नदीत नांगरून ठेवलेल्या ‘अ‍ॅन्सन’ या जुन्या युद्धनौकेवर तिने पहिले सहा महिने काढले असण्याची दाट शक्यता आहे. तिथे बायकांना घरकाम, शिवणकाम शिकवत आणि मग पगारावर घरोघरी पाठवत. अपराध झाला किंवा दिवस गेले की परत फॅक्टरीत. होबार्टजवळची कॅस्केड्स फॅक्टरी ही मुळात दारूची भट्टी. १८२८ मध्ये तिचा बायकांचा तुरुंग केला, डोंगराच्या सावलीत, ओढ्याकाठी, दमट जागी. २०१० पासून ती जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथे गेल्यावर भिंतींवर हात ठेवून बघा, अजूनही ओल लागते.

या जागेबद्दल मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या कागदांत ती निघू शकते. नोकरीच्या घरी गरोदर राहिलेल्या बाईला फॅक्टरीत परत पाठवत. मुलाचं अंगावरचं दूध तुटलं की अनौरस मूल झाल्याबद्दल तिला अनेकदा सहा महिने ‘गुन्हेगार वर्गात’ टाकत. बाप कोण हे क्वचितच लिहिलेलं असतं. मुलं तिथल्या कोंदट बालगृहांत भराभर मरत, इतकी की होबार्टमध्ये त्यावरून चौकश्या झाल्या. जी जगली त्यांना दोन-तीन वर्षांची झाल्यावर न्यू टाउनच्या अनाथशाळेत नेत, आई जिवंत असतानाच. मायदेशाहून आईबरोबर आलेल्या मुलांचीही रवानगी तिथेच. त्या शाळेच्या वह्यांत मुलाचं नाव, आईचं नाव, आईचं जहाज आणि कोणी कधी परत नेलं ते सापडतं. तुमच्या सासूबाईंच्या पणजीच्या आधी एखादं मूल झालं होतं का, हे तिथे आणि होबार्टच्या मृत्यू-नोंदीत जरूर तपासा. हे काम करताना जड वाटतं, मलाही वाटतं. पण त्या लेकरांची नावं घराण्यात परत लागायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

शिक्षा संपली, की सरकारला तिच्यात रस उरत नाही आणि नोंद थांबते. लोक इथे हताश होतात. मी उलट सुटकेचा श्वास घेते: ती आता कोणाची कैदी नाही. यापुढे तिला नवऱ्याच्या नावाखाली शोधायचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. तिथे नवऱ्याचं नाव आणि गावाचं नाव एकत्र घाला. परवाना, भांडण, आग, गाय हरवली, मृत्यूची बातमी, काहीही निघेल. ती टास्मानियातून कधी गेली हे कळण्यासाठी लॉन्सेस्टनहून निघालेल्या प्रवाशांच्या पोलिसांनी ठेवलेल्या याद्या आहेत. त्यांत पुष्कळदा माणूस मुळात कोणत्या जहाजाने आला तेही लिहिलेलं असतं. त्या यादीतलं जहाज आणि लग्नाच्या अर्जातलं जहाज जुळलं की जिलाँगची म्हातारी आणि आयर्लंडची कैदी मुलगी एकच, हे नक्की झालं. होबार्टच्या फीमेल कन्व्हिक्ट्‌स रिसर्च सेंटरच्या स्वयंसेवकांनी बायकांच्या नोंदी उतरवून मोठा साठा केला आहे. जहाजाचं नाव हाती आलं की त्यांना लिहा. डीएनए चाचणी शेवटी करा, कागदांनी सांगितलेलं तपासायला. नुसत्या चाचणीवर वंशावळ उभी करू नका.

घरातल्यांच्या नाराजीबद्दल. टास्मानियात हा डाग लपवणं पिढ्यान् पिढ्या चाललं. १८५६ मध्ये बेटाचं नाव बदललं त्यामागेही जुनी ओळख पुसायची इच्छा होती. आज चित्र पालटलंय. या कैद्यांच्या दप्तराची २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली, आणि पूर्वज कैदी होता हे लोक अभिमानाने सांगतात. तरी प्रत्येक घराला तो अभिमान वाटलाच पाहिजे असं नाही. सून म्हणून तुम्ही पुढाकार घेताय, तेव्हा माझा सल्ला असा: आधी सगळे कागद जमवा, पुरावा पक्का करा, मग फक्त सासूबाईंना दाखवा आणि पुढे कोणाला सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. दाखवताना ती गुन्ह्याची ओळ पहिली दाखवू नका. इंडेंटमधली भावाबहिणींची नावं आधी दाखवा. त्यातलं एखादं नाव घरात आजही चालत आलेलं निघतं, आणि मग बोलणं वेगळ्याच वाटेने सुरू होतं.

अंदमानचं विचारलंत. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरले, तिथून ती वसाहत सुरू झाली. बायकाही पुढे तिथे गेल्या. ठरावीक वर्षं काढल्यावर त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायची परवानगी मिळालेल्या कैद्यांशी लग्न करू देत. त्यांची संतती म्हणजे अंदमानातले ‘लोकल बॉर्न’ लोक. तिथे टास्मानियासारखी घरबसल्या उघडता येणारी वही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली गृह खात्याची पोर्ट ब्लेअरची कागदपत्रं, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारातले न्याय खात्याचे खंड, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर, अशी फिरती करावी लागते. एक बाजू मात्र जमेची: आपल्याकडच्या कागदांत जात, गाव आणि बापाचं किंवा नवऱ्याचं नाव सहसा असतं, त्यामुळे एका नावाच्या दोघींत गोंधळ कमी होतो. शिक्षा आणि रवानगी या दोन वेगळ्या गोष्टी, हे इथेही लक्षात ठेवायचं. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली, अपिलात तिची जन्मठेप-काळं पाणी झाली आणि नंतर शिक्षा पाच वर्षांवर आली. नुसता मधला आदेश वाचणारा तिला अंदमानात शोधत बसेल.

तुमच्या ओळखीत कोणी असा शोध घेत असेल तर मुंबईला जाण्याआधी गाव, तालुका, जिल्हा आणि खटल्याचं साल एवढं तरी जमवायला सांगा. न्याय खात्याचे खंड सालवार लावलेले आहेत, साल नसेल तर सूचीतच दिवस जातील. आणि खालच्या पातळीवरचे जबाब, अर्ज मोडीत असायचे, तेव्हा मोडी वाचणारं माणूस बरोबर हवं.